विश्लेषण : वारली चित्र ‘एआय’ने काढले, तर नुकसान कोणाचे? भौगोलिक मानांकन पुरेसे का नाही?

लग्नपत्रिकेचा मजकूर मोबाइलवर टाइप करायचा, ‘वारली शैलीत वरात काढून दे’ एवढी सूचना द्यायची आणि काही सेकंदांत गेरूच्या रंगावर पांढऱ्या आकृत्यांची वरात तयार. छापणाऱ्याला चित्रकार शोधावा लागत नाही, ग्राहकाला वाट पाहावी लागत नाही. पण अशीच छोटी कामे गेली काही दशके डहाणू, विक्रमगड, जव्हार परिसरातील अनेक घरांत कमाईचे आणि शिकण्याचेही साधन होती. कृत्रिम प्रज्ञेने, म्हणजेच ‘एआय’ने, ही कला चोरली असे म्हणावे, तर कायद्यात तसा गुन्हा सापडत नाही. काहीच बिघडले नाही असे म्हणावे, तर हातचे काम जाण्याची भीती खरी आहे. हा पेच नेमका काय आहे?

वारली चित्र म्हणजे नेमके काय?

वारली ही पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या तालुक्यांत, तसेच लगतच्या गुजरातमध्ये आणि दादरा-नगर हवेलीत राहणारी आदिवासी जमात. कुडाच्या भिंतीला शेणमातीचे लिंपण करायचे, त्यावर गेरू द्यायचा आणि पाण्यात कालवलेल्या तांदळाच्या पिठाने चित्र काढायचे ही या कलेची मूळ रीत. कुंचला म्हणजे टोक ठेचून किंवा चावून मऊ केलेली बांबूची काडी. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन या तीन आकारांतून माणसे, जनावरे, झाडे, शेते, घरे उभी राहतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचे धड तयार होते.

मात्र ही निव्वळ सजावट नाही. या परंपरेतील सर्वात महत्त्वाचे चित्र म्हणजे लग्नाचा चौक. तो घरातील भिंतीवर सवाशिणी काढतात. त्यात पालघट ही सृजनाची देवी असते. लग्नाचे विधी धवलेरी ही स्त्री गाण्यांमधून चालवते. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही, असा संकेत आहे. म्हणजे त्रिकोणी माणूस काढायला कोणालाही थोड्या वेळात शिकता येते. पण कोणत्या प्रसंगी, कुठे, काय काढायचे आणि काय काढायचे नाही, हे कळायला बरीच वर्षे लागतात. या कलेतले कौशल्य आकृतीत आहे तेवढेच या जाणतेपणात आहे.

ही कला भिंतीवरून कागदावर कशी आली?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना या भागात पाठवले. त्याआधी १९६० च्या दशकात बिहारमधील दुष्काळाच्या वेळी मिथिलेतील स्त्रियांच्या हाती कागद देण्याचे काम कुलकर्णी यांनीच केले होते. भिंतीवरची चित्रे कागदावर आली, तर ती विकता येतील आणि घरात पैसा येईल, हा त्यामागचा सरळ विचार. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचे काम याच काळात बाहेरच्या जगापुढे आले. सण-लग्नाची वाट न पाहता रोज चित्र काढणारे म्हसे १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात होते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

या स्थित्यंतराची दुसरी बाजूही आहे. भिंतीवरचा चौक ही स्त्रियांची मक्तेदारी होती. कागदावरच्या चित्राला बाजार मिळाला, तेव्हा पुढे आलेली नावे मात्र बहुतांशी पुरुषांची होती. आता अनेक स्त्रियाही विक्रीसाठी चित्रे काढतात. तरी माध्यम बदलले की लाभ कोणाला मिळेल याची फेरवाटणी होते, हे या कलेने एकदा अनुभवले आहे. ‘एआय’ ही तशीच दुसरी फेरवाटणी ठरू शकते. फरक एवढाच, की पहिल्या वेळी पैसा निदान वारली पाड्यांवर आला होता.

‘एआय’ वारली चित्र कसे काढते?

प्रतिमा तयार करणारी प्रारूपे चित्र आणि त्यासोबतचा मजकूर यांच्या प्रचंड मोठ्या साठ्यावर शिकवली जातात. ऑगस्ट २०२२ मध्ये खुल्या झालेल्या ‘स्टेबल डिफ्युजन’ या प्रारूपासाठी ‘लायन-५बी’ या संग्रहातील भाग वापरले गेले. या संग्रहात इंटरनेटवरून जमवलेल्या सुमारे ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्यांची नोंद होती. चित्रावर मुद्दाम ठिपक्यांचा गोंगाट टाकायचा आणि तो पुसून मूळ चित्राकडे कसे जायचे हे यंत्राकडून करोडो वेळा घोटवून घ्यायचे, अशी ही पद्धत. पुढे कोणी ‘वारली’ हा शब्द लिहिला, की यंत्र निव्वळ गोंगाटापासून सुरुवात करून त्या शब्दाशी जोडल्या गेलेल्या आकारांकडे सरकत जाते.

यात एक मेख आहे. यंत्राने पाहिलेल्या ‘वारली’ चित्रांत वारली चित्रकारांनी काढलेली किती आणि चहाचे कप, टी-शर्ट, भिंतीवरचे स्टिकर यांची छायाचित्रे किती, हे यंत्राला ठाऊक नसते. दोन्हींखाली शब्द एकच असतो. त्यामुळे यंत्राचे वारली चित्र म्हणजे या सगळ्याची सरासरी असते. तारपा वाजवणारा मध्ये आणि भोवती नाचणाऱ्यांचा फेर, ही बाजारात सर्वाधिक खपलेली प्रतिमा म्हणून तीच पुन्हा पुन्हा येते. पालघटेचा चौक, शेतीच्या हंगामांचे तपशील, एखाद्या पाड्याची कथा अशा गोष्टी या सरासरीत विरून जातात. उद्या ही यंत्रनिर्मित चित्रे पुन्हा इंटरनेटवर चढली आणि पुढची प्रारूपे त्यांच्यावरच शिकली, तर वारली चित्र म्हणजे काय याची जगाची समज आणखी उथळ होत जाईल.

नक्कल तर आधीपासून होते. मग नवे काय?

वारली आकृत्यांची नक्कल ‘एआय’च्या कितीतरी आधी सुरू झाली. चादरी, कुर्ते, पडदे, फरशा यांवर छापील वारली नक्षी सर्रास दिसते. तरीही तीन बाबतींत परिस्थिती बदलली आहे.

पहिली बाब, छापील नकलेला मूळ चित्र लागत असे. कोणाचे तरी, कोणते तरी ठरावीक चित्र उचलले जाई. ते ओळखता येई आणि निदान तत्त्वतः त्या चित्रकाराला दाद मागता येई. यंत्राच्या चित्राला असे एक मूळ दाखवता येत नाही. दुसरी बाब, छपाईत एकाच नक्षीच्या हजारो प्रती निघत. पण ‘आमच्या हॉटेलच्या भिंतीसाठी’, ‘आमच्या मुलीच्या लग्नासाठी’ असे खास काम हवे असेल, तर माणसाकडेच जावे लागे. आता हेच खास काम यंत्र करू लागले आहे. तिसरी बाब, नक्कल करणारा कारखाना शोधता येतो, त्याला नोटीस पाठवता येते. मोबाइलवर सूचना देणारे लाखो लोक असतात आणि त्यांपैकी बहुतेकांना आपण काही गैर करतो आहोत असे वाटतही नाही. मार्च २०२५ मध्ये जपानच्या ‘स्टुडिओ घिब्ली’च्या शैलीत स्वतःची छायाचित्रे बदलून घेण्याची लाट आली, तेव्हा हेच दिसले.

पहिला फटका कोणाला बसेल?

नामवंत चित्रकारांना बहुधा नाही. कलादालनातून वारली चित्र घेणारा ग्राहक चित्राबरोबर चित्रकाराचे नाव आणि त्याच्या हाताची खात्री विकत घेतो. यंत्राचे चित्र त्याच्या उपयोगाचे नाही. धोका आहे तो खालच्या पायरीवरच्या कामांना. पत्रिका, भेटकार्डे, पुस्तकांची मुखपृष्ठे, दुकानाच्या भिंती, कंपन्यांच्या दिनदर्शिका या कामांत ग्राहकाला नाव नको असते, ‘वारलीसारखे काहीतरी’ हवे असते.

आणि हीच कामे या कलेची शाळा आहेत. चित्रकाराच्या घरात मोठ्या चित्राची मांडणी अनुभवी हात करतो; झाडाची पाने, भाताची लोंबे, नाचणाऱ्यांच्या रांगा भरण्याचे काम बहुतेकदा नवशिक्या मुलांकडे येते. गेरूवर पांढरी रेघ उमटली, की ती खोडरबराने पुसता येत नाही. काडीवर किती दाब द्यायचा, पीठ किती पातळ ठेवायचे हे शेकडो पाने भरतानाच कळते. नंतर त्या मुलांना छोट्या मागण्या स्वतंत्रपणे मिळतात आणि त्यातून काही जण चित्रकार होतात. ही छोटी कामे गेली, तर आजचे नाणावलेले चित्रकार टिकतील; पण त्यांच्यानंतरची पिढी घडण्याची वाट बंद होईल. शेती, वीटभट्टी, कारखाना किंवा मुंबईची लोकल पकडून मजुरी हे पर्याय समोर असताना, ज्या कामातून सुरुवातीची कमाई होत नाही ते शिकण्यासाठी कोणते कुटुंब मुलाला चार-पाच वर्षे देईल?

भौगोलिक मानांकन असताना संरक्षण का मिळत नाही?

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी डहाणू तालुक्यातील कासा येथील आदिवासी युवा सेवा संघाने पुढाकार घेतला होता. पण मानांकनाचा कायदा नावाचे रक्षण करतो, शैलीचे नाही. १९९९ चा हा कायदा २००३ पासून अमलात आला. एखादी वस्तू विशिष्ट भागातून आली आहे असे भासवून ग्राहकाची फसवणूक होऊ नये, हा त्याचा गाभा. दार्जिलिंगचा चहा किंवा येवल्याची पैठणी यांच्या बाबतीत हे चपखल बसते, कारण तिथे नावावरच माल विकला जातो.

‘एआय’च्या बाबतीत अडचण वेगळी आहे. ‘वारली’ हा शब्द यंत्राला दिलेल्या सूचनेत असतो. तयार झालेल्या पडद्यावर किंवा पत्रिकेवर तो असायलाच हवा असे नाही. विक्रेत्याने त्यावर ‘ट्रायबल आर्ट’ किंवा ‘एथनिक प्रिंट’ असे लिहिले, की मानांकनाचा हात तिथवर पोहोचणे कठीण होते. शिवाय मानांकनाचा उपयोग करून घ्यायचा, तर चित्रकाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. उल्लंघन शोधणे, वकील नेमणे, न्यायालयात जाणे हा खर्च मानांकनधारक संस्थेच्याच माथी येतो. एका तालुक्यातील संस्थेने ऑनलाइन बाजारातील लाखो वस्तूंवर नजर ठेवावी, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

कॉपीराइटचा कायदा उपयोगी पडेल का?

अंशतः. १९५७ च्या कायद्यानुसार चित्रकाराच्या कलाकृतीवर त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. एखाद्या वारली चित्रकाराचे विशिष्ट चित्र कोणी जसेच्या तसे वापरले, तर तो दाद मागू शकतो. पण आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हक्क अभिव्यक्तीवर असतो. कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर नसतो. याच तर्काने शैलीवरही कोणाला मालकी सांगता येत नाही. हे तत्त्व मुळात कलेच्याच हिताचे आहे. अन्यथा एकाने वापरलेली चित्रपद्धत दुसऱ्याला वापरताच आली नसती. मात्र पिढ्यान्‌पिढ्या एका समाजाने मिळून घडवलेल्या चित्रभाषेला या चौकटीत जागाच नाही. तिचा कोणी एक कर्ता नाही, तिच्या जन्माची तारीख नाही आणि असती, तरी संरक्षणाची मुदत केव्हाच उलटून गेली असती.

आणखी दोन तरतुदी चित्रकाराला गोंधळात टाकणाऱ्या आहेत. संगणकाच्या साह्याने निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती, असे १९९४ च्या दुरुस्तीने म्हटले आहे. तेव्हा आजच्यासारखे ‘एआय’ कोणाच्या कल्पनेतही नव्हते. केवळ सूचना देणारा या व्याख्येत बसतो का, यावर वाद आहे. दुसरी तरतूद कापडावर वगैरे छापल्या जाणाऱ्या नक्षीची. अभिकल्प म्हणून नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवान्याने ती वस्तूवर उतरवून औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक प्रती काढल्या, तर त्या नक्षीवरील कॉपीराइट संपतो. साडीसाठी किंवा कुर्त्यासाठी नक्षी विकताना हे किती चित्रकारांना सांगितले जाते, हा प्रश्नच आहे.

केंद्राच्या प्रस्तावात या चित्रकारांना जागा आहे का?

उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने एप्रिल २०२५ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबर २०२५ मध्ये जनरेटिव्ह एआय व कॉपीराइट या विषयावरील कार्यपत्रिकेचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यातील मुख्य प्रस्ताव सक्तीच्या परवान्याचा आहे. कायदेशीरपणे उपलब्ध असलेली कोणतीही कलाकृती कंपन्यांनी प्रशिक्षणासाठी वापरावी, हक्कधारकाला नकार देता येणार नाही. मात्र त्या बदल्यात मानधन द्यावे लागेल. हे मानधन एका मध्यवर्ती संस्थेकडे जमा होईल आणि तिथून वाटले जाईल, अशी ही रचना.

गायक, संगीतकार, प्रकाशक यांच्या संघटना आहेत, कोणाची कोणती कृती याच्या नोंदी आहेत. त्यांच्यासाठी हा मार्ग निदान चालण्याजोगा आहे. पाड्यावरच्या चित्रकाराकडे आपल्या चित्रांची यादीच नसते. अनेकदा चित्रावर सही नसते. विकलेल्या चित्राचे छायाचित्रही जपलेले नसते. लग्नाचा चौक काढणाऱ्या सवाशिणीचे नाव तर कुठेच नोंदलेले नसते. वाटप नोंदीवर चालणार असेल, तर ज्यांच्याकडे नोंद नाही त्यांचा वाटा शून्य. यंत्राला शिकवण्यासाठी चित्र वापरले जाणार, नकाराचा हक्क नसणार आणि मानधनाच्या यादीत नावही नसणार, असा तिहेरी तोटा पारंपरिक कलावंतांच्या वाट्याला येऊ शकतो. एखाद्या समाजाच्या वतीने संस्थेला नोंदणी करता यावी, ही तरतूद म्हणूनच कळीची ठरते.

कोल्हापुरी चपलेच्या वादातून काय दिसले?

जून २०२५ मध्ये इटलीतील ‘प्राडा’ या फॅशन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला सादर केल्या. त्यात कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रातून टीका झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले आणि कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिका मात्र जुलैमध्ये फेटाळली गेली; मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः न्यायालयात आलेले नाहीत, हे त्यातले महत्त्वाचे कारण होते. कोल्हापुरीचे मानांकन महाराष्ट्राचे ‘लिडकॉम’ आणि कर्नाटकचे ‘लिडकर’ या दोन सरकारी महामंडळांकडे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये याच महामंडळांशी कंपनीने करार केला आणि दोन्ही राज्यांतील कारागिरांकडून सुमारे दोन हजार जोड बनवून घेण्याचे जाहीर केले.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, कायद्याने जे साधले नाही ते लोकमताच्या दबावाने आणि वाटाघाटीने साधले. दोन, वाटाघाटीसाठी समोर एक चेहरा असलेली कंपनी होती आणि या बाजूला टेबलावर बसू शकणारी सक्षम संस्था होती. वारली चित्रांच्या बाबतीत समोर असंख्य निनावी वापरकर्ते आहेत आणि या बाजूला महामंडळासारखे बळ नाही.

इतर देशांनी काय केले?

ऑस्ट्रेलियातील आदिवासी चित्रांचा अनुभव सर्वात जवळचा आहे. तेथील फेडरल न्यायालयाने १९९४ मध्ये, आदिवासी चित्रकारांची चित्रे परवानगीविना गालिच्यांवर वापरणाऱ्यांविरुद्ध निकाल देताना चित्रकारांच्या समाजाला पोहोचलेली सांस्कृतिक हानीही विचारात घेतली. १९९८ च्या बुलुन बुलुन खटल्यात न्यायालयाने सामूहिक मालकी मान्य केली नाही. पण परंपरेतील पवित्र ज्ञान वापरणाऱ्या चित्रकारावर आपल्या कुळाप्रति विश्वस्तासारखी जबाबदारी असते, असे म्हटले. तरीही तेथील उत्पादकता आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार, आदिवासी शैलीच्या स्मृतिवस्तूंवर होणाऱ्या खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च अस्सल नसलेल्या वस्तूंवर होत होता. म्हणजे चांगले निकाल आले, तरी बाजार त्यामुळे आपोआप सुधारत नाही.

अमेरिकेत १९९० च्या कायद्याने बिगरआदिवासी वस्तू ‘इंडियन’ म्हणून विकणे गुन्हा ठरवले, तोही नावापुरताच. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत मे २०२४ मध्ये जनुकीय संसाधने व संबंधित पारंपरिक ज्ञानाबाबत करार झाला. पण तो पेटंटपुरता आहे. लोककला, नक्षी, गाणी यांसारख्या पारंपरिक सांस्कृतिक अभिव्यक्तींबाबत दोन दशकांहून अधिक काळ चर्चाच सुरू आहे.

मग डिजिटल साधने ही शत्रूच का?

तसे म्हणणे चुकीचे ठरेल. तांदळाच्या पिठाऐवजी पोस्टर किंवा अॅक्रिलिक रंग, भिंतीऐवजी कॅनव्हास हे बदल वारली चित्रकारांनी केव्हाच स्वीकारले. आज अनेक जण समाजमाध्यमांवर चित्रे दाखवतात, व्हॉट्सअॅपवर मागणी घेतात, यूपीआयने पैसे स्वीकारतात. मधला दलाल यामुळे काही प्रमाणात टळतो.

परंपरा आणि आधुनिक माध्यम यांचा मेळ कसा असावा, याचे एक उदाहरण गंजाडचेच आहे. छायाचित्रकार गौरी गिल आणि वारली चित्रकार राजेश वांगड यांच्या ‘फिल्ड्स ऑफ साइट’ या मालिकेत गिल यांनी टिपलेल्या छायाचित्रांवर वांगड यांनी शाईने चित्रे रेखाटली. कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या कथा आणि आठवणी त्या रेषांनी भूप्रदेशात परत आणल्या. तिथे कर्ते म्हणून दोघांचीही नावे आहेत. साधन डिजिटल की पारंपरिक, हा मुद्दा तिथे गौण ठरतो. वारली चित्रकाराला विचारले गेले का, त्याचे नाव लागले का आणि त्याला मोबदला मिळाला का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. ‘एआय’ कंपन्यांकडे आज तिन्हींची उत्तरे बहुतांशी नकारार्थी आहेत.

उपाय काय असू शकतात?

शैलीला मालकी देणे हा मार्ग कठीण आणि धोक्याचाही आहे. उद्या एखाद्या संस्थेकडे ‘वारली’ची मालकी गेली, तर एखाद्या वारली मुलीलाच परवानगी मागावी लागायची. त्यापेक्षा वस्तू कशी बनली हे सांगण्याची सक्ती अधिक व्यवहार्य आहे. त्याला दाखला आहे. हातमागासाठी १९८५ मध्ये आरक्षण कायदा झाला आणि साडीसह ठरावीक वस्तूंचे काही प्रकार यंत्रमागावर विणण्यास मनाई झाली. अंमलबजावणीच्या तक्रारी कायम असल्या, तरी ‘कुठे बनले’ यासोबत ‘कसे बनले’ हाही कायद्याचा निकष असू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. ‘हँडलूम मार्क’ हे चिन्ह त्याच विचाराचे. यंत्रनिर्मित मजकूर व प्रतिमांवर तसे लेबल लावण्याची दिशा केंद्राने माहिती-तंत्रज्ञान नियमांत घेतली आहे; पण ती ऑनलाइन व्यासपीठांपुरती. चित्र कापडावर छापले, की लेबल गळून पडते. हाताने काढलेल्या चित्रांसाठी वेगळे चिन्ह आणि चित्रकाराची ओळख देणारा क्यूआर कोड ही पुढची पायरी ठरू शकते.

दुसरा उपाय सरकारच्या हातातला आहे. वारली चित्रांचा मोठा ग्राहक सरकारच आहे. रेल्वे स्थानके, शाळा, कार्यालये, उड्डाणपुलांचे खांब यांवर ती दिसतात. हे काम सजावटीच्या कंत्राटात टाकले, की कंत्राटदार सर्वात स्वस्त पर्याय निवडणार. ते अधिकृत वारली चित्रकारांकडून, नवशिक्यांना सोबत घेऊनच करावे आणि चित्राखाली नावे लिहावीत, एवढी अट निविदेत घातली, तरी छोट्या कामांची शाळा चालू राहील. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत मूर्तिकार, कुंभार, खेळणी बनवणारे आहेत, लोकचित्रकार नाहीत. ही यादी वाढवणे अशक्य नाही.

तिसरा उपाय नोंदींचा. कोणत्या पाड्यावर कोण चित्रकार आहेत, सवाशिणी कोणते चौक काढतात, त्यांतले काय जगासमोर ठेवायचे आणि काय विधीपुरते राखायचे, हे वारली समाजाने ठरवून नोंदवले, तर उद्याच्या मानधनावर दावा सांगायला काहीतरी हाती असेल.

लग्नाच्या चौकाला यंत्रापासून तसा धोका नाही. तिथे चित्राइतकेच ते काढणारे हात महत्त्वाचे असतात. पण विक्रीसाठी चित्र काढणाऱ्या घरांत पुढची पिढी काडी हाती धरील ती पत्रिका, भेटकार्डे, दुकानांच्या भिंती अशा साध्यासुध्या कामांच्या भरवशावर. शैलीची मालकी कोणाची, हा वाद न्यायालयांत आणि समित्यांत आणखी काही वर्षे चालेल. तोपर्यंत ही कामे कोणाकडे जातात, यावर डहाणूतल्या नवशिक्या मुलाचा निर्णय ठरणार आहे.